नाहीकाकांचा लाल ठिपका

नाहीकाकांचं खरं नाव लिलावघराच्या पगारपत्रकात होतं आणि ते तिथेच राहिलं. बाकी मालक, हमाल, गिऱ्हाइकं, समोरचा चहावाला, सगळ्यांसाठी ते नाहीकाकाच. खुद्द त्यांची आईसुद्धा रागावली की "काय हो नाहीकाका" म्हणून सुरुवात करायची. नाव पडायचं कारण उघड होतं. गेली तीस वर्षं ते जुने ग्रामोफोन तपासून खरा कुठला आणि खोटा कुठला ते सांगत होते, आणि तीस वर्षांत "हो" म्हणाले होते फक्त अकरा वेळा.

लोक ग्रामोफोन घेऊन यायचे ते तान्ह्या बाळाला दवाखान्यात आणावं तसे, चादरीत गुंडाळून, छातीशी धरून. लिलावघराच्या मागच्या बाजूला कपाटं आणि मोडके सोफे ओलांडून गेलं की काकांची खोली. एक खिडकी, हिरवी लोकरी बनात ताणून बसवलेलं टेबल, मान वाकवता येणारा दिवा, तीन स्क्रूड्रायव्हर, एक भिंग, आणि दातांच्या डॉक्टरकडे असतो तसा दांडीवरचा छोटा आरसा. आलेल्या माणसाला फार उत्साह. तो चावी द्यायला जायचा, तबकडी काढायला जायचा. काका हात वर करून थांबवायचे. वाजवून दाखवू नका म्हणायचे. वाजतो तर काल बनवलेलाही.

मग सुरू व्हायची तपासणी, आणि ती मात्र बघण्यासारखी असायची बरं का. आधी नखाने कर्ण्यावर एक टिचकी. कान लावून नाही, असाच खिडकीबाहेर बघत. मग झाकण उघडून आत नाक. जुन्या ग्रीसचा वास वेगळा, नव्या सरसाचा वेगळा, आणि नव्या सरसावर जुनं ग्रीस चोपडलेलं असेल तर त्याचाही वेगळा. मग मोटर ज्या फळीवर बसवलेली असते ती फळी खालून बघायची. जुन्या सुताराने न दिसणारी बाजू कधी पॉलिश केली नाही, त्याला तेवढा वेळ नव्हता. खोटा माल करणारा मात्र घाबरून सगळीकडून पॉलिश मारतो. शेवटी सुया ठेवायची छोटी वाटी. गाणं बदलताना सुई बदलायची, तर माणूस बोलता बोलता, हसता हसता सुई वाटीत टाकायला जातो आणि ती शेजारी लाकडावर घासते. अशा बारीक ओरखड्यांची एक चंद्रकोर वाटीभोवती साठत जाते. काका म्हणायचे, खोटं करणाऱ्याला सगळं जमतं, पण साठ वर्षांचा निष्काळजीपणा जमत नाही.

इथपर्यंत सगळं डोळ्यांदेखत. यानंतर मात्र काका खुर्ची फिरवून आलेल्या माणसाकडे पाठ करायचे, ग्रामोफोन आडवा करायचे आणि बुडाशी वाकून काहीतरी बघायचे. जेमतेम दहा सेकंद. परत वळायचे ते बहुतेक "नाही" म्हणूनच. कारण विचारलं तर सांगायचे नाहीत. लिलावघराच्या मालकांनी एकदा पाठ फिरवून काय बघता म्हणून विचारलं, तर काकांनी चष्मा पुसायला घेतला आणि तो इतका वेळ पुसला की मालक कंटाळून गेले.

आता ते काय बघायचे ते तुम्हाला सांगायला हरकत नाही. ते लाल ठिपका बघायचे.

काकांचे वडील घड्याळं आणि ग्रामोफोन दुरुस्त करायचे. काका नऊ वर्षांचे असताना वडिलांच्या दुकानात स्टुलावर बसलेले असायचे. दुकानात दोन फळ्या होत्या. खालच्या फळीवरचे ग्रामोफोन धूळ खात पडायचे, वरच्या फळीवरचे लोक हसत हसत घेऊन जायचे. पोरगं हुशार, त्याने दोन्हींमधला फरक शोधून काढला. वरच्या फळीवरच्या प्रत्येकाच्या बुडाला, मोटर धरून ठेवणाऱ्या तीन स्क्रूंवर, एक एक लाल ठिपका होता. खालच्यांना नव्हता. घरातल्या ग्रामोफोनलासुद्धा होता. त्याने वडिलांना विचारलं, ठिपका असला की ग्रामोफोन खरा का? वडिलांच्या एका डोळ्यात भिंग होतं आणि ओठांत चार स्क्रू धरलेले होते. ते म्हणाले, "हं."

त्या एका "हं"वर काकांची तीस वर्षांची विद्या उभी होती. कारखान्यातला कोणी कडक तपासनीस अस्सल माल पास करून लाल लाखेचा ठिपका लावत असणार असं त्यांनी मनाशी पक्कं केलं, आणि ही खूण जगात आपल्याशिवाय कोणाला ठाऊक नाही म्हणून ती जिवापाड जपली. सांगितली असती तर खोटं करणाऱ्यांनी उद्याच लाल रंग आणला असता ना. वडील लवकर गेले. पुन्हा विचारायचं राहून गेलं, आणि खरं म्हणजे विचारण्यासारखं काही आहे असं काकांना कधी वाटलंच नाही.

तर अशा या काकांकडे एका गुरुवारी सकाळी शिंपीणबाई आल्या. मध्यम वय, गळ्यात मापाची टेप तशीच, बाहीला टाचण्या टोचलेल्या. जुन्या चादरीची गाठ सोडून त्यांनी ग्रामोफोन टेबलावर ठेवला आणि आधीच सांगितलं की विकायचा नाहीये. खरा आहे का एवढंच हवंय. काकांना हे जरा नवीन होतं. लोक आधी किंमत विचारतात, खरेखोटेपणा मागाहून.

बाई बसल्या आणि बोलत्या झाल्या. त्यांचे वडील रंगारी होते, दोन महिन्यांपूर्वी गेले. दारं, खिडक्या, पाण्याचे पाइप, जे मिळेल ते रंगवायचे, आणि रेघ कधी सरळ यायची नाही. बोलायला मात्र मोठे रसाळ. त्यांची एक गोष्ट बाईंनी लहानपणापासून शंभरदा ऐकलेली. गावातल्या जुन्या थिएटरचं छत त्यांनी एकट्याने रंगवलं होतं, चाळीस दिवस परांचीवर उताणं पडून. निळं आभाळ आणि त्यावर पिवळे तारे. थिएटरचा मालक इतका खूश झाला की तिथेच मांडलेला ग्रामोफोन त्याने यांना बक्षीस देऊन टाकला. तोच हा. बाईंच्या मोठ्या भावाचा यातल्या एका अक्षरावर विश्वास नव्हता. दादाचं म्हणणं, जन्मभर दारं रंगवणाऱ्याला थिएटरचं छत कोण देतंय, हा डबा कुठल्यातरी जुन्या बाजारातून उचललेला आणि वर गोष्ट रचलेली. वडील गेल्यावर सगळे नातेवाईक जमले होते, तिथे जेवताना दादा म्हणाला, बाबांचं सगळं आयुष्य थापा मारण्यात गेलं. बाई भरल्या ताटावरून उठल्या. भावाशी बोलणं बंद झालं. शेवटी दादानेच निरोप पाठवला: तपासून आण. खरा ग्रामोफोन विकत घ्यायची बाबांची ऐपत नव्हती, तेव्हा खरा निघाला तर तो बक्षीसच. तसं असेल तर सगळ्यांना परत जेवायला बोलावीन आणि बाबांच्या फोटोसमोर शब्द मागे घेईन. खोटा निघाला तर शनिवारी भंगारवाला येतोय, त्याच्या गाडीवर टाकून दे आणि विषय संपव.

काकांनी हे सगळं ऐकलं, म्हणजे लोक बोलत असताना ते नेहमी ऐकायचे तसं, अर्ध्या कानाने. हात कामाला लागले होते. टिचकी चांगली वाजली. वास बरोबर. फळी खालून कच्ची, सुताराच्या रंध्याच्या खुणांसकट. सुईच्या वाटीभोवतीची चंद्रकोर तर अशी सुरेख की काकांच्या मनात आलं, आज बारावा "हो" होणार बहुतेक. मग त्यांनी आरसा कर्ण्यात घातला. आत, पार गळ्यापाशी, जिथे फडकं पोचत नाही तिथे, निळे शिंतोडे होते. मधे दोन-तीन पिवळे. काकांनी नाक मुरडलं. कोणीतरी कर्णा अलीकडे रंगवून मग पुसलेला दिसतोय. तरी एक संधी होती. त्यांनी खुर्ची फिरवली, पेटी आडवी केली. तीन स्क्रू, स्वच्छ, कोरडे. ठिपका नाही.

"नाही," काका म्हणाले.

बाई उठल्या नाहीत. कशावरून म्हणून विचारलं. काकांनी नेहमीचं उत्तर दिलं, की कारणं सांगायची पद्धत नाही. त्यावर बाईंनी गळ्यातली टेप काढून हातात धरली.

"मी गिऱ्हाइकाला कापड कमी पडतंय म्हणते तेव्हा टेप लावून दाखवते," त्या म्हणाल्या. "माझ्या बापाला खोटं म्हणताय तुम्ही. मला दाखवा."

काकांना तोवर कोणी असं टेप धरून अडवलं नव्हतं. त्यांच्या तोंडून निघून गेलं, की खालच्या स्क्रूंवर लाल ठिपका असावा लागतो, तो नाही. बाईंनी वाकून तिन्ही स्क्रू बघितले. "बरं," म्हणाल्या, चादर बांधली, गाठीवर आणखी एक गाठ मारली आणि गेल्या. काकांचं दुपारी जेवणात लक्ष लागेना. आधी त्यांना वाटलं, गुपित फुटलं म्हणून. पण पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येत होती ती दुसरी गाठ.

घरी आई खिडकीशी बसून नखं रंगवत होती. वय चौऱ्याऐंशी, पण दर गुरुवारी संध्याकाळी लाल नेलपॉलिश लावायचं म्हणजे लावायचं. रंगही वर्षानुवर्षं तोच. या वयात कशाला म्हणून कोणी विचारलं तर ती म्हणायची, तोंड लोकांना दिसतं, हात मला दिसतात. काकांनी चपला काढल्या, पाणी प्यायले, आणि मनात मावेना म्हणून तीस वर्षांत पहिल्यांदा आईला सगळं सांगितलं. शिंपीणबाई, टेप, ठिपका, कारखान्यातला तपासनीस.

आईचा ब्रश हवेत थांबला. कुठला ठिपका रे, तिने विचारलं. काका म्हणाले, आपल्या ग्रामोफोनच्या बुडाला आहेत ना तीन, ते. आईने बाटली जपून खिडकीत ठेवली, कारण हसताना ती हातातून पडली असती. ती इतकी हसली की काका पाण्याचा पेला घेऊन उभे राहिले.

"अरे, ते माझं नेलपॉलिश," आई म्हणाली.

काका म्हणाले, काहीतरीच काय. आईने मग सगळा पाढा वाचला. वडील तिच्या बाटल्या पळवायचे. ती साखरेच्या डब्यामागे लपवायची, ते तिथूनही काढायचे. दुरुस्त झालेल्या यंत्राचे स्क्रू घट्ट केले की प्रत्येकावर एक थेंब. कोणी मधे उघडलं तर ठिपक्याला तडा जायचा आणि कळायचं. पण ते फक्त चोर पकडायला नव्हतं. ठिपका शाबूत असला आणि यंत्र पुन्हा बिघडलं तर वडील काही न घेता परत दुरुस्त करून द्यायचे. मी हात लावलाय, आता जबाबदारी माझी, असं म्हणायचे. खालच्या फळीवर दुरुस्तीला आलेले, वरच्या फळीवर झालेले, एवढाच काय तो हिशेब. आणि घरातला ग्रामोफोन? तो कोणीतरी टाकून गेलेला, वडिलांनी निम्मा इकडून निम्मा तिकडून घेऊन चालता केलेला.

काका ऐकायला तयार नव्हते. लाख आणि नेलपॉलिश यातला फरक मला कळत नाही का, म्हणाले. आईने त्यावर वाद घातला नाही. नेलपॉलिश काढायच्या पाण्यात कापसाचा बोळा बुडवला आणि त्यांच्या हातात दिला. काकांनी घरचा ग्रामोफोन आडवा केला, पहिल्या स्क्रूवरून बोळा एकदा फिरवला. ठिपका गेला. तीस वर्षांचं शास्त्र कापसावर आलं, आणि खाली एक साधा स्क्रू उरला.

ते जमिनीवरच बसले. अकरा "हो" एकेक करून आठवले. अकराच्या अकरा वडिलांच्या दुकानातून गेलेले. बाकी सगळ्या खुणा जुळल्या होत्या म्हणून ते खरेच होते, त्याबद्दल शंका नव्हती. पण अकरा वेळा आपण मोठा आव आणून बाबांच्याच हातच्या कामावर शिक्का मारत होतो, हे कळून त्यांना हसू आलं. मग दुसरी गोष्ट डोक्यात आली आणि हसू पळालं. केवळ ठिपका नाही म्हणून किती जणांना परत पाठवलं? त्यांनी टिपणांची वही काढली. चौदा निघाले. पंधरावी आज सकाळची.

"त्या पोरीला काय सांगून आलास?" आईने विचारलं. काकांनी सांगितलं. आईचं हसणं थांबलं. "म्हणजे माझ्या नेलपॉलिशवरून तिचा बाप खोटा ठरला?"

खरं सांगायचं तर काकांच्या मनात गप्प बसायचंही आलं. ही गोष्ट आईशिवाय कोणाला माहीत होती? लिलावघराच्या यादीत "नाहीकाकांनी तपासलेला" एवढं छापलं की माणसं दुसरं काही विचारत नसत. एक "नाही" मागे घेतला की तीस वर्षांच्या प्रत्येक "नाही"कडे लोक बोट दाखवणार. या वयात, निवृत्तीला दोन वर्षं राहिली असताना, हसं करून घ्यायचं. शिवाय ते निळे शिंतोडे होतेच की. ठिपका सोडला तरी शिंतोडे त्या ग्रामोफोनच्या विरुद्धच होते. काका स्वतःला असं पटवत असताना त्यांना सकाळचं अर्ध्या कानाने ऐकलेलं ऐकू आलं. निळं आभाळ, त्यावर पिवळे तारे. वर छत रंगवलं जात असताना खाली ग्रामोफोन उभा असेल, कर्णा तोंड वर करून, तर थेंब कुठे जाणार?

त्यांना त्या क्षणी स्वतःची जेवढी लाज वाटली तेवढी आयुष्यात वाटली नव्हती. पुरावा आरशात दिसत होता आणि आपण नाक मुरडलं.

शुक्रवारी सकाळी त्यांनी लिलावघरात उशिरा येतो म्हणून कळवलं. निघताना आईने नेलपॉलिशची बाटली त्यांच्या पिशवीत टाकली. कशाला म्हणून विचारलं तर म्हणाली, असू दे, परत मात्र आण, आणि येताना एक नवीनही आण.

जुन्या थिएटरच्या जागी आता चपला-बुटांचं मोठं दुकान होतं. डोक्यावर पांढऱ्या चौकोनी पत्र्यांचं खोटं छत. दुकानदाराने काकांना खुर्ची दिली आणि नंबर विचारला. काका म्हणाले मला छत बघायचंय. दुकानदार म्हणाला छत विकायला नाही. थोडा वेळ असं चाललं. शेवटी काकांनी आठ नंबरच्या चपला विकत घेतल्या, तेव्हा कुठे वरची खोकी काढायची शिडी मिळाली. साठीला आलेला माणूस, हातात टॉर्च, शिडीच्या शेवटच्या पायरीवर. त्यांनी एक चौकोन तळहाताने वर ढकलला आणि डोकं आत घातलं.

आत अंधार, धूळ, आणि टॉर्चच्या उजेडात निळं आभाळ. पोपडे सुटलेलं, ओल आलेलं, पण निळं. आणि त्यावर तळहाताएवढे पिवळे तारे, दूरवर पसरलेले. काका बराच वेळ तसेच राहिले. खालून दुकानदाराने विचारलं, काय दिसतंय?

"तारे," काका म्हणाले.

दुकानदाराला वाटलं म्हाताऱ्याला भोवळ आली. त्याने घाईने शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि दुकानातल्या पोरींना पाणी आणायला सांगितलं.

शिंपीणबाईंचं दुकान म्हणजे एक खोली, दोन शिलाई मशिनं, आणि इस्त्रीचं टेबल. दाराशीच चादरीचं गाठोडं होतं, दोन गाठींसकट, उद्याच्या भंगारवाल्यासाठी. बाईंनी काकांना बघितलं आणि मशीन थांबवलं नाही. काकांनी शिवण संपेपर्यंत वाट पाहिली. मग म्हणाले, "हो."

काल नाही म्हणालात, बाई म्हणाल्या. काका म्हणाले, चुकलो. आणि मग उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं, दोन फळ्या, तोंडात धरलेले स्क्रू, आईचं नेलपॉलिश, कापसाचा बोळा. मधे काही लपवलं नाही. बाई आधी बघत राहिल्या, मग त्यांच्या ओठांचा कोपरा हलला, पण त्यांनी हसू आवरलं.

"मग आज तुमच्यावर विश्वास कशावरून ठेवू?"

"माझ्यावर ठेवूच नका," काका म्हणाले. "टेप तुम्ही धरा."

गाठी सुटायला वेळ लागला. मग ग्रामोफोन इस्त्रीच्या टेबलावर ठेवून काकांनी भिंग बाईंच्या हातात दिलं आणि तीस वर्षं कोणाला कारण न सांगता मनात ठेवलेलं सगळं एकेक करून दाखवलं. आतली कच्ची फळी, रंध्याच्या खुणा. सुईच्या वाटीजवळची चंद्रकोर. बाईंनी तिच्यावरून बोट फिरवलं. शेवटी आरसा कर्ण्यात धरून टॉर्च लावला आणि बघा म्हणाले. बाईंनी बघितलं. निळे शिंतोडे, मधे पिवळे. काकांनी चपलांच्या दुकानातली हकिगत सांगितली, नव्या चपला पुराव्यादाखल टेबलावर ठेवल्या. बाई खाली बसल्या.

"तारे सरळ होते की वाकडे?" त्यांनी विचारलं.

काकांनी आठवून पाहिलं. खोटं बोलून गोड करायचा मोह क्षणभर झाला, पण आता त्यांच्याकडे तेवढी हिंमत उरली नव्हती. वाकडे, म्हणाले. एकाचं टोक दुसऱ्यापेक्षा लांब. एकही धड नाही.

"बाबाच," बाई म्हणाल्या, आणि रोखून धरलेलं रडू एकदम सुटलं. रडता रडता हसतही होत्या. काकांना अशा वेळी काय करावं ते सुचत नसे, म्हणून ते किमतीबद्दल बोलायला लागले. लिलावात ठेवला तर तुमचं हे दुकान नवं करता येईल एवढे येतील, म्हणाले. मात्र शिंतोड्यांमुळे चौथाईने तरी भाव पडेल, संग्राहकांना कर्णा आतून स्वच्छ लागतो. एका औषधाने अर्ध्या तासात निघतील, ते माझ्याकडे आहे. एवढं बोलून ते थांबले आणि म्हणाले, पण काढू नका.

काढायला वेडी आहे का मी, बाई म्हणाल्या. त्यांनी डोळे पुसले, टाचण्या टोचलेल्या बाहीनेच पुसायला गेल्या आणि वेळीच हात बदलला. आणि मग त्यांनी फोन उचलला.

काकांना आवराआवर करायची होती. त्यांनी ग्रामोफोन आडवा केला, फळी जागेवर बसवली आणि तीन स्क्रू घट्ट आवळले. स्क्रूड्रायव्हर पिशवीत टाकताना हाताला बाटली लागली. खिशात चौदा नावांचा कागद होता, त्या चौदा दारांवर जाऊन आता हेच सगळं सांगायचं होतं, आणि प्रत्येक जण काही शिंपीणबाईंसारखा हसणार नव्हता. काकांनी झाकण फिरवून ब्रश काढला. पहिल्या स्क्रूवर एक थेंब ठेवला. दुसऱ्यावर एक.

बाईंनी फोन कानाला लावूनच, हे काय म्हणून नुसती मान उडवली.

"मी हात लावलाय," काका म्हणाले. "आता जबाबदारी माझी."

पलीकडून फोन उचलला गेला. दोन महिन्यांत भावाशी त्या पहिल्यांदाच बोलत होत्या. आवाज मात्र रोज बोलत असाव्यात तसा होता.

"दादा," त्या म्हणाल्या, "सगळ्यांना जेवायला कधी बोलावतोस?"

नाहीकाका तिसऱ्या स्क्रूवर वाकले होते. त्यांचा हात हलला आणि ठिपका वाकडा पडला. पुसून नीट लावावा असं त्यांना वाटलं, पण कापूस आणला नव्हता, म्हणून त्यांनी बाटलीचं झाकण लावलं आणि तो वाळेपर्यंत फुंकर घालत बसले.